साष्टीचे बेटपण

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी आणि शेटलंड असे दोन द्वीपसमूह आहेत. पंधराव्या शतकापर्यंत त्यांवर नॉर्वेच्या गादीचा हक्क होता, आणि नॉर्वेची गादी त्या काळी डेन्मार्कच्या राजाकडे होती. सन १४६८ मध्ये हा राजा, पहिला ख्रिश्चन, याने आपली कन्या मार्गारेट स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स यास देण्याचे ठरविले. हुंडा ठरला ६०,००० फ्लोरिन. पैकी १०,००० रोख द्यावयाचे आणि उरलेल्या ५०,००० च्या फेडीपर्यंत ऑर्कनी बेटे गहाण ठेवावयाची, असा करार झाला. परंतु वधूपित्याजवळ दहा हजारही निघेनात. दोन हजार कसेबसे हाती आले आणि राहिलेल्या ८,००० पोटी दुसऱ्या वर्षी शेटलंडही गहाण पडले. हुंड्याच्या बाकीपायी होणारी ओढाताण आमच्या वाचकांस अपरिचित नाही. मात्र ती भागविण्यासाठी माणसांसकट बेटे गहाण टाकण्याची सोय सामान्य वधूपित्यास नसते, एवढेच. सन १४७२ मध्ये स्कॉटलंडने ती बेटे आपल्या राज्यास जोडून टाकली. पुढे डेन्मार्ककडून रक्कम भरून बेटे सोडवून घेण्याचे यत्न झाले. स्कॉटलंडने ते टोलविले. बेटांवरील लोक आपली जुनी नॉर्स वळणाची बोली आणखी काही पिढ्या बोलत राहिले आणि मग तीही गेली. या साऱ्या व्यवहारात त्यांचे मत कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

ही हकीकत वाचताना मुंबईचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी विवाह ठरला आणि सन १६६१ च्या करारान्वये मुंबई आंदण म्हणून इंग्रजांस मिळाली, ही गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या आंदणाचा वाद जितका मुंबईविषयी होता तितकाच मुंबईच्या उत्तरेकडील दुसऱ्या एका बेटाविषयी होता, आणि त्या बेटावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील आमची सहस्रावधी कुटुंबे नांदत आहेत, हे मात्र त्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांसही क्वचितच आठवते. म्हणून या महिन्यात साष्टीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम भूगोल पाहू. उल्हास नदी समुद्राकडे येताना दुभंगते. तिचा मोठा ओघ वसईच्या खाडीतून पश्चिमेस जातो आणि एक चिंचोळा फाटा ठाण्याजवळून दक्षिणेस वळून ठाण्याच्या खाडीस मिळतो. पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी. या चार पाण्यांमधील भूमी ती साष्टी. ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर हीदेखील त्याच बेटावर आहेत. हे बेट एकटेही नव्हते. आग्नेयेस तुर्भे, म्हणजे आजचे ट्रॉम्बे, हे निराळे बेट होते; पश्चिम किनाऱ्यास वेसावे, मढ, मार्वे या बाजूस खाड्यांनी तोडलेले भूभाग होते; आणि मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्यावर आहेत ते धारावी बेट त्यांच्या उत्तरेस. मुंबईची सात बेटे आपण बोटांवर मोजतो. साष्टीभोवतालची ही बेटावळ मोजण्याचे श्रम कोणी घेत नाही.

नावाची व्युत्पत्ती सहासष्ट गावांवरून सांगतात. षट्षष्टीचे सासष्टी झाले, सासष्टीचे साष्टी, आणि पोर्तुगीज जिभेवर त्याचे साल्सेत. गोव्यातील मडगावच्या तालुक्यासही हेच नाव याच कारणाने पडले आहे. गाव मोजून प्रांतास नाव द्यावयाचे, ही पद्धती हिशेबी माणसांची खरी. परंतु तीवरून एवढे निश्चित दिसते की परकीय येण्यापूर्वी येथे रीतसर वसलेली, सारा भरणारी गावे होती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सन १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ चाळावी म्हणजे उत्तर कोकणातील कुळे, वृत्ती आणि गावे यांचा केवढा पसारा होता ते कळते. आज आपण रेल्वेच्या पाट्यांवर वाचतो त्यांपैकी काही नावे त्या जुन्या व्यवहारातलीच आहेत.

मुंबईच्या मानाने साष्टी किती वडील आहे याचा साक्षीदार बोरिवलीच्या डोंगरात उभा आहे. कान्हेरी, म्हणजे कृष्णगिरी. येथे शंभरावर लेणी असून त्यांचे खोदकाम इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू होऊन जवळजवळ हजार वर्षे चालले. सोपारे आणि कल्याण ही तेव्हाची भरभराटीची व्यापारी बंदरे. तेथील व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानांचे लेख तेथे कोरलेले आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील लेख तेथे आहे, नवव्या शतकातील शिलाहारांचे आहेत, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरून ठेवलेली आपली नावेही आहेत. लेण्यांची शिल्पे पाहावयास पुष्कळ लोक जातात. आमच्या मते तेथील खरी नवलाची गोष्ट पाण्याची व्यवस्था ही होय. डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींनी खाली आणावयाचे आणि लेण्यालेण्याच्या दारी खोदलेल्या पोढींत साठवावयाचे, ही योजना त्या भिक्षूंनी इतक्या विचाराने केली आहे की दीड-दोन हजार वर्षांनंतरही तेथील कित्येक टाकी पाणी धरतात. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे येथील लेणी आहेत. लोक त्यांस महाकाली म्हणतात. जोगेश्वरीचे शैव लेणे सहाव्या शतकातले. ते एवढे विस्तीर्ण आहे की भोवतालच्या दाट वस्तीत ते इतकी वर्षे कसे तगले याचेच आश्चर्य वाटावे.

बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे लेणे तर साष्टीच्या नशिबाचे संक्षिप्त चरित्रच आहे. मूळचे शिवालय. सन १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख तहान्वये पोर्तुगीजांस दिला आणि त्याबरोबर साष्टीही गेली. मग फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे देऊळपण मोडून तेथे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ बांधला, त्याचे भग्नावशेष आजही दिसतात. मराठ्यांचा अंमल आल्यावर लेणे पुन्हा शंकराकडे आले. दगड तोच, त्याच्यासमोर हात जोडणारे तेवढे बदलले.

पोर्तुगीज अमदानीतील धर्मच्छळाची हकीकत आमच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे आणि ती खोटी नाही. तथापि तिचा एक भाग सांगावयाचा राहून जातो. ज्यांचे धर्मांतर झाले ते लोक कोठे परदेशी गेले नाहीत. वांद्रे, मरोळ, वेसावे, गोराई, उत्तन येथील गावठाणांतून ते आजही आहेत. सन १८८७ पासून ते आपणांस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवितात. आणि घरात जी बोली बोलतात ती मराठीच आहे. देश आणि कोकणातून प्लेगनंतर किंवा नोकरीनिमित्त उपनगरांत आलेल्या आम्हां मंडळींपेक्षा साष्टीवर त्यांचा, कोळ्यांचा आणि डोंगरातील वारल्यांचा हक्क जुना आहे. हे बोलून दाखविण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

आता आंदणाचा तंटा. कराराच्या शब्दांत मुंबईचे ‘बेट आणि बंदर’ त्याच्या लगतच्या हक्कांसह देऊ केले होते. इंग्रजांचा समज असा की मुंबई म्हणजे साष्टी व ठाण्यासुद्धा सर्व मुलूख. पोर्तुगीजांचे म्हणणे असे की मुंबई म्हणजे ते एक लहानसे बेट, त्यापलीकडील एक वीतही नव्हे. इंग्लंडहून आलेल्या आरमारास सन १६६२ मध्ये ताबा मिळेना. सर अब्राहम शिपमन आपल्या शिपायांसह कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिला. तेथे रोगराईने शिपाई मेले आणि सन १६६४ मध्ये तोही वारला. त्याचा सेक्रेटरी हम्फ्रे कुक याने अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी पोर्तुगीज घालतील त्या अटी पत्करून एकट्या मुंबईचा ताबा घेतला. गोव्याच्या व्हाइसरॉयास हे देणेही जिवावर आले होते. मुंबईत इंग्रज रुजले म्हणजे आपला हिंदुस्थान गेलाच, असे त्याने आपल्या राजास स्पष्ट लिहिले होते. त्याचे भाकित बव्हंशी खरे ठरले. इंग्लंडच्या राजास मात्र हे आंदण एवढे जड झाले की सन १६६८ मध्ये त्याने ते वर्षास १० पौंड भाड्याने कंपनीच्या गळ्यात घातले.

याप्रमाणे माहीमची खाडी ही दोन राज्यांची हद्द झाली आणि पाऊणशे वर्षे तशीच राहिली. मुंबईतून कल्याणकडे जाणाऱ्या गलबतांस ठाण्याच्या खाडीतून जावे लागे आणि तेथे पोर्तुगीज जकात घेत. मुंबईत पुरेसे धान्य पिकत नसे. भात, भाजी, लाकूड हे सर्व साष्टीतून आणि पलीकडून यावयाचे. ज्याच्या हाती साष्टी त्याच्या हाती मुंबईच्या चुलीची किल्ली, अशी ही स्थिती होती. पुढील शंभर वर्षे इंग्रजांची नजर साष्टीवरून हलली नाही याचे मूळ येथे आहे.

परंतु साष्टी प्रथम घेतली ती मराठ्यांनी. पोर्तुगीजांच्या जाचास कंटाळलेल्या तेथील वतनदारांनी पेशव्यांकडे वारंवार धाव घेतली होती. त्यांत अंजूरचे गंगाजी नाईक प्रमुख होते. सन १७३७ च्या मार्चमध्ये मराठी फौजा खाडी उतरून ठाण्यावर आल्या. ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम तेव्हा पुरे झालेले नव्हते. तो हाती आला आणि साष्टी मोकळी झाली. वसई मात्र चिवट निघाली. चिमाजी आप्पांनी ती सन १७३९ च्या मे महिन्यात घेतली तेव्हा मराठ्यांची हजारो माणसे कामास आली होती. वसईच्या विजयाचे पोवाडे गाइले जातात; ठाण्याचे आणि साष्टीचे नाव त्यांमागे झाकून जाते. वास्तविक साष्टी हाती नसती तर वसईची कोंडी करणे अत्यंत कठीण गेले असते.

मिळविलेले बेट आपण अवघी सदतीस वर्षे राखिले. गेले कसे, तेही सांगितले पाहिजे. साष्टी आणि वसई पेशव्यांकडून मागून घ्याव्यात म्हणून मुंबईकरांनी सन १७७२ मध्ये मॉस्टिन नावाचा वकील पुण्यास ठेवला होता. मागून मिळाले नसते. परंतु सन १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पेशव्यांचे घर दुभंगले. एकीकडे बारभाई, दुसरीकडे रघुनाथराव. त्यातच गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याची आवई उठली. तेवढे निमित्त इंग्रजांस पुरले. सन १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. कागद नंतर झाले: सन १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई लिहून दिली, ती देण्याचा अधिकार त्यांस होता की नाही हा प्रश्नच होता, आणि कलकत्त्याच्या इंग्रज कौन्सिलासही तो तह पसंत पडला नाही. तरीही पुढच्या वर्षीच्या पुरंदरच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि सन १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली पण साष्टी मिळाली नाही. नाना फडणिसांसारखा मुत्सद्दी आणि महादजी शिंद्यांसारखा सेनापती असताही जे परत आले नाही ते घरच्या कलहात गेले होते. पोर्तुगीजांवर रोष धरणे सोपे आहे. या प्रकरणात दोष कोणाचा हे विचारणे तितके सोपे नाही, म्हणून आपल्याकडे ते फारसे विचारले जात नाही.

दोन्ही किनारे एका धन्याचे झाल्यावर खाडीची हद्द म्हणून गरज उरली नाही. ती अडचण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दीत शीव आणि कुर्ला यांस जोडणारा बांध झाला. माहीम-वांद्र्याच्या खाडीवर मात्र होड्याच होत्या आणि पावसाळ्यात त्या उलटत. सरकार पैसा खर्च करीना. तेव्हा जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले, वाहतुकीवर कर घेऊ नये अशी अट घातली, आणि सन १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. हिंदुस्थानातील पहिली रेल्वे म्हणून तिचा गौरव होतो. परंतु तिचा बहुतेक प्रवास साष्टी बेटावरूनच झाला, हे ध्यानात घ्यावे. पश्चिमेची गाडी सन १८६७ मध्ये सुरू झाली.

ऑर्कनीसही बांध मिळाले, पण ते युद्धाने दिले. सन १९३९ च्या ऑक्टोबरात एका जर्मन पाणबुडीने तेथील बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेने आत शिरून ‘रॉयल ओक’ ही इंग्रज युद्धनौका बुडविली. तेव्हा त्या वाटा बुजविण्यासाठी धोंडे टाकून बांध घातले आणि त्या कामावर इटालियन युद्धकैदी राबविले. आज त्यांवरून मोटारी जातात. तेथे समुद्र दोहों बाजूंस उघडा दिसतो, त्यामुळे आपण बेटावर राहतो हे कोणी विसरत नाही. आपल्याकडे तसे झाले नाही.

साष्टीने मुंबईस दिले ते सर्वांत मोठे दान पाण्याचे. मुंबईच्या विहिरी आणि तलाव अपुरे पडू लागले तेव्हा साष्टीच्या डोंगरात सन १८६० मध्ये विहारचा तलाव पुरा झाला, सन १८७९ मध्ये तुळशीचा. मुंबईच्या घरांतून नळ आले ते या बेटावरील पावसाच्या जोरावर. पवईचा तलाव सन १८९१ चा. त्याचे पाणी पिण्यास उतरले नाही. विहार आणि पवई भरून वाहू लागले म्हणजे ते पाणी ज्या नदीने माहीमच्या खाडीस जाते ती मिठी. वर डोंगर, खाली खाजणे, मध्ये मिठी. पूर्वेस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मिठागरे, आणि पश्चिमेस पोयसर, दहिसर, ओशिवरा या नद्या. भरतीचे पाणी आत यावे, खाजणात पसरावे, ओहोटीबरोबर पावसाचे पाणी घेऊन बाहेर जावे, अशी ही बेटाची श्वासोच्छ्वासाची व्यवस्था होती.

प्लेगनंतर उपनगरे वाढू लागली. सन १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा मुंबई उपनगर जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी पार्ल्यास टिळक विद्यालय निघाले. सन १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द उत्तरेस सरकली आणि दहिसर, मुलुंडपर्यंतचा प्रदेश शहरात आला. सन १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुनश्च निराळा झाला. या सर्व हद्दी कागदावर काढल्या. पाण्याने त्यांची दखल घेतली नाही. इकडे विमानतळ वाढला तेव्हा मिठी त्याखालून वळविण्यात आली; वांद्रे-कुर्ला संकुल उठले ते खाजण भरून.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७४. जुन्या मुंबईत लोक छत्री घेऊन घरी गेले; साष्टीत शेकडो माणसे प्राणास मुकली. इतका पाऊस कोणत्याही गटारांनी सहज वाहून नेला नसता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाणी कोठे तुंबले हे पाहावे: कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ल्याचा परिसर. जेथे कुकच्या वेळी दोन राज्यांची हद्द होती, जेथे होड्या उलटत, तेथेच. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने मिठीची वाट मोकळी करण्याविषयी सविस्तर लिहिले आहे. ते अहवाल आमच्या वाचकांपैकी ज्यांस अभियांत्रिकीची आवड आहे त्यांनी अवश्य पाहावेत.

हे जुने प्रकरण नव्हे. सन २०२४ मध्ये राज्य सरकारने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची अडीचशे एकरांहून अधिक जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचे ठरविले. गरिबांस पक्के घर मिळावे याविषयी कोणाचेच दुमत असू नये. प्रश्न आहे तो घर कोठे द्यावयाचे हा. उधाणाच्या भरतीस ज्या जागेत पाणी शिरत आले तेथे गरिबास नेऊन बसविणे म्हणजे त्यास घराबरोबर पुराचे आंदणही देणे होय. आणि मुलुंड, भांडुपच्या ज्या सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न केवळ आपल्या रस्त्यावरील गर्दीचा वाटतो, त्यांनीही आपली इमारत जुन्या नकाशात कोठे पडते हे एकवार पाहावे. जुन्या नकाशांत खाजण, मिठागर, खाडी ही स्पष्ट दाखविलेली असतात. शाळांतून मुलांस युरोपातील नद्या पाठ करविल्या जातात. आपल्या घरामागील नाला मूळचा कोणत्या नदीचा हे सांगणारा मुलगा आम्हांस क्वचितच भेटतो.

गोव्यात साष्टी हे तालुक्याचे नाव आजही कचेरीच्या पाटीवर आहे आणि मडगावचा मनुष्य आपण साष्टीचे असे सहज सांगतो. येथे ‘उपनगर’ या शब्दाने ते नाव जवळजवळ पुसून टाकले आहे. ज्यांस बेटपण डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी मालाडहून मार्व्यास जावे. तेथून मनोरीस अजून तरीने जातात. वेसाव्याहून मढासही तशीच होडी आहे. जाताना भरतीची वेळ पंचांगातील तिथीवरून काढून घ्यावी आणि मुलांस बरोबर न्यावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खाडीचे पाणी किती आत येते ते तेव्हा दिसते.